तीन मिलिमीटरसाठी चार फेऱ्या

लेकीला कावासाकी आजार (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा) झाला तेव्हा ती तीन वर्षांची होती. ताप उतरेना, डोळे लालबुंद, ओठ फुटलेले. सहाव्या दिवशी निदान झालं, सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातल्या प्रतिपिंडांचं औषध) दिलं आणि दोन दिवसांत पोर खेळायला लागली. पहिल्या दहा दिवसांत हे औषध मिळालं तर हृदयाच्या धमनीला फुगा येण्याचं प्रमाण चारातल्या एकावरून साधारण पंचविसातल्या एकावर येतं. तिच्या डाव्या धमनीला तरीही थोडा फुगवटा आला. वर्षभरात तो ओसरला, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालू असलेलं अ‍ॅस्पिरिन बंद झालं.

ती नऊ वर्षांची असताना आमचे डॉक्टर बदलले. नव्या बालहृदयरोगतज्ज्ञांनी फाइल उघडून एकच विचारलं, ‘‘तेव्हा धमनी जास्तीत जास्त किती रुंद झाली होती?’’ डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘किंचित रुंद’ असं लिहिलेलं. फुगवटा ओसरल्यानंतरच्या प्रत्येक इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) ‘नॉर्मल’. आकडा कुठेच नाही.

मी म्हटलं, आता नॉर्मल आहे ना? तेव्हा त्यांनी समजावलं. फुगा ओसरतो तेव्हा बऱ्याचदा आतलं अस्तर जाड होऊन पोकळी पूर्वीएवढी झालेली असते. भिंत मूळची राहत नाही, आणि पुढे कधी तिथे अरुंदपणा येऊ शकतो. म्हणून किती वर्षं आणि किती वेळा तपासायचं, हे आजच्या मापाइतकंच तेव्हाच्या सर्वांत मोठ्या मापावर ठरतं.

मग सुरू झाल्या जुन्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाच्या फेऱ्या. पहिल्या दिवशी अर्ज लिहून दिला. दुसऱ्यांदा गेले तर ‘सहा वर्षांपूर्वीच्या फाइली गोदामात आहेत, पुढच्या आठवड्यात या’. तिसऱ्यांदा फाइल आली, पण आतल्या इको रिपोर्टवरही तेच दोन शब्द. खिडकीतल्या माणसाला मी विचारत होते, मापं घेतल्याशिवाय ‘किंचित’ लिहिलं कसं? तो म्हणाला, ‘‘बाई, रिपोर्ट मिळाला ना तुम्हाला?’’ त्या उत्तराची चीड अजून जात नाही. माझ्या मुलीच्या हृदयाचं माप कुणीतरी घेतलं होतं, पाहिलं होतं, आणि कागदावर उतरवायचा कंटाळा केला होता.

चौथ्या फेरीला मी रेकॉर्ड विभाग सोडून थेट इकोच्या खोलीबाहेर जाऊन बसले. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी दुपारी कपाटातून जुनी वही काढली. तारखेवर बोट ठेवलं आणि वाचलं, ‘‘डावी पुढची धमनी, ३.० मिलिमीटर. वजन १३ किलो.’’ मला तिथेच रडू आलं.

उंची मात्र नव्हती, आणि तिच्याशिवाय तो आकडा अपुरा. मुलांची धमनी अंगाबरोबर वाढते, म्हणून माप उंची-वजनाशी ताडून झेड स्कोअर काढतात, म्हणजे तेवढ्या अंगाच्या मुलांच्या सरासरीपासून ते किती लांब आहे हे सांगणारा आकडा. तीच ३ मिलिमीटर धमनी नऊ वर्षांच्या मुलीत नॉर्मलच्या हद्दीत बसेल. उंची सापडली लसीच्या पुस्तकात, आजाराच्या दोनच आठवडे आधीची: ९५ सेंटीमीटर. (ते पुस्तक जपा. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी ११ महिने पुढे ढकलतात, त्याच्या नोंदीही त्यातच असतात.)

स्कोअर आला सुमारे ४.२. दोन ते अडीच असता तर नुसती रुंदी म्हणून पहिल्या वर्षानंतर सोडून देता आलं असतं. अडीच ते पाच म्हणजे लहान फुगा, आणि तो ओसरला तरी तपासणी सुरू ठेवायची. एका ‘किंचित’ शब्दामुळे आमची ही तपासणी राहूनच गेली असती.

तुमचं मूल आत्ता या आजारातून जात असेल तर प्रत्येक इकोनंतर मिलिमीटर, त्या दिवशीची उंची आणि वजन रिपोर्टवर लिहूनच घ्या. सांगायचं राहिलं: अ‍ॅस्पिरिन चालू असताना तापाला आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नका, त्याने अ‍ॅस्पिरिनचा उपयोग कमी होतो. त्याच काळात फ्लू किंवा कांजिण्यांची शंका आली तर लगेच डॉक्टरांना कळवा. आणि तिला आम्ही धावायला कधीच अडवलं नाही, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं.

परवाच्या इकोत २.६ मिलिमीटर आलं. उंची १३२, वजन २७. तिन्ही आकडे रिपोर्टवर आहेत हे वाचून पाहिलं, मगच खोलीबाहेर पडले.