बेसमेंटमध्ये कोकणाची हवा

गुंज आमच्याकडे आली 2018 च्या ऑक्टोबरात. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमधली झाडं तेव्हा निम्मी उघडी पडली होती आणि सकाळी गाडीच्या काचेवरचं हिम खरवडावं लागत होतं. दक्षिण अमेरिकेतलं लाल पायांचं कासव. इथे सगळे त्याला 'रेड-फूट' म्हणतात. काळं कवच, पुढच्या पायांवर नि डोक्यावर लालभडक खवले. लेक नाव शोधत होती. माझ्या डोळ्यांपुढे आजीच्या डब्यातल्या लाल-काळ्या गुंजा आल्या आणि नाव ठरलं.

तिचं आधीचं कुटुंब गाव सोडून जात होतं. मिनेसोटा हर्पेटॉलॉजिकल सोसायटी ही संस्था अशा प्राण्यांना नवी घरं शोधून देते, तिथून ती आमच्याकडे आली. वय साधारण आठ वर्षं, लांबी 18 सेंटीमीटर. सोबत तिची काचेची टाकी, वर जाळीचं झाकण आणि त्यावर ठेवायचा लाल दिवा. पाठीवरचा प्रत्येक चौकोन मधोमध वर आला होता, लहान लहान डोंगरांसारखा. मला वाटलं, या जातीची पाठ अशीच असते.

ही कासवं पनामापासून खाली ब्राझील, पॅराग्वेपर्यंत जंगलांत आणि जंगलालगतच्या गवतात राहतात. तिथे थंडी अशी नाहीच. रशियन किंवा ग्रीक कासव थंडीत महिनोन् महिने निजून राहतं. या जातीच्या शरीराला ते जमत नाही. त्यांना वर्षभर दिवसा 26 ते 30 अंश सेल्सियस लागतं आणि रात्रीही 22 च्या खाली जाऊन चालत नाही. म्हणून मी सगळं लक्ष उष्णतेवर दिलं. टाकीत दोन थर्मामीटर लावले. 28 अंश दिसले की समाधान वाटायचं. जगातलं सगळ्यात ऊबदार कासव आपल्या घरी आहे, अशा समजुतीत मी तीन आठवडे होते.

चौथ्या आठवड्यात तिच्या नाकपुडीत बुडबुडा दिसला. खाणं सोडलं, मान ताणून तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. कासवाला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो, त्यामुळे त्याला खोकून कफ बाहेर काढता येत नाही. छातीत साचलं की साचतच जातं. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाई 40 मिनिटांवर होत्या. थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली, शेजारी गुंजेला ठेवलं, आणि निघालो. एक्स-रे निघाला. दर 72 तासांनी एक इंजेक्शन, तेही पुढच्याच पायात. मागच्या पायातलं रक्त मूत्रपिंडातून फिरून येऊ शकतं, म्हणून. ते द्यायला त्यांनी मला शिकवलं. पहिल्यांदा माझा हात इतका थरथरला की नवऱ्याने माझं मनगट धरलं.

डॉक्टरबाईंनी टाकीचा फोटो बघितला आणि एकच गोष्ट विचारली, "आत दमटपणा किती आहे?" मी तो कधी मोजलाच नव्हता. घरी येऊन हायग्रोमीटर ठेवला. 18 टक्के. तिला हवा असतो 70 ते 80.

दापोलीत वाढलेल्या मला दमटपणा हा हवेचा अवगुण वाटायचा. पावसाळ्यात मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, पुस्तकांना बुरशी येते. हवेत पाणी नसणं म्हणजे काय, ते मला मिनेसोटात कळलं. उणे 20 अंशांच्या एक घनमीटर हवेत जेमतेम 1 ग्रॅम पाण्याची वाफ मावते. तीच हवा घरात येऊन 20 अंशांना तापली की तिच्यात 17 ग्रॅम मावू शकते, पण असते तेवढीच 1 ग्रॅम. माणसांच्या श्वासाने, अंघोळींनी, भाताच्या वाफेने थोडी भर पडते, बस. मग ही हवा मिळेल तिथून पाणी ओढते: आपल्या ओठांतून, टाचांतून आणि कासवाच्या कवचातून. वर तो लाल दिवा थेट पाठीवर तापत होता, जाळीतून वाफ निघून जात होती. म्हणजे आठ वर्षं ती भट्टीत राहिली होती. पाठीवरचे डोंगर जातीचे नव्हते. वाढत्या वयात कोरड्या हवेत राहिल्याची ती खूण होती.

आधी सोपा मार्ग पाहिला. खोलीत मोठा ह्युमिडिफायर लावला, दार बंद केलं. तीन दिवसांत खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागलं, रात्री त्याचा आतल्या बाजूने बर्फ झाला, चौकटीच्या लाकडावर काळे ठिपके उठले. इथल्या घरांना तेवढी वाफ सोसत नाही. दरम्यान मी गुंजेला न्हाणीघरात हलवलं होतं आणि दिवसातून चार वेळा गरम पाण्याचा शॉवर नुसता सोडून ठेवत होते.

आईचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसले होते. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, अख्खं घर कशाला सादळवतेस? पापड सादळू नये म्हणून आपण घर कोरडं करतो का? डब्यात घालून झाकण लावतो. तुझं उलटं आहे, एवढंच." मी फोन ठेवला आणि प्लायवूडचं माप काढायला बसले.

मोठ्या रेड-फूटला घरात आठ फूट बाय चार फूट जागा द्यावी असं बहुतेक जाणती माणसं सांगतात. प्लायवूडचा पूर्ण ताव नेमका तेवढाच असतो, म्हणून एक ताव तसाच तळाला घातला. दोन फूट उंच भिंती, वर झाकण. बेसमेंटची फरशी हिवाळ्यात पायमोज्यांतूनही लागते, म्हणून पेटीला पाय केले आणि खालून दोन इंची कडक फोम चिकटवला. आतून, बागेतल्या छोट्या तळ्यात अंथरतात ते जाड काळं रबर घातलं आणि कडेने एक फूट वर चढवलं. भिंतींच्या वरच्या भागाला पॉलियुरेथेनचे तीन हात. ते गराजमध्ये करायचं ठरवलं होतं, पण तिथे इतकी थंडी होती की लेप वाळेना. शेवटी बेसमेंटमध्येच केलं आणि वास पुरता जाईपर्यंत दोन आठवडे थांबलो. घाई करण्यासारखा हा टप्पा नाही. ज्या प्राण्याच्या फुफ्फुसांसाठी पेटी करतोय, त्यालाच त्या वासात कोंडायचं नाही.

झाकणाला कोकणात पडवीवर घालतात तसे पोकळ पॉलिकार्बोनेटचे पत्रे लावले, बिजागऱ्यांवर उघडणारे. लाल दिवा गेला. त्याच्या जागी झाकणाखाली 80 वॅटची दोन चपटी हीटिंग पॅनेल आली, मोठ्या जागेवर सौम्य ऊब देणारी. प्रकाशासाठी चार फुटी यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, दिवसाचे 12 तास. ही ट्यूब आतच बसवावी लागते, कारण काच किंवा पॉलिकार्बोनेट त्या किरणांना अडवतं. कासवाला खिडकीत ठेवलं तरी उपयोग नाही. आणि ते किरण मिळाले नाहीत तर जीवनसत्त्व ड तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. ट्यूब दिसायला चालू असली तरी तिच्यातले हे किरण आधी क्षीण होतात, म्हणून मी ती दर ऑक्टोबरात बदलते.

तळाला पाच इंच कोकोपीट आणि झाडाच्या सालीचे तुकडे. कोकोपीटच्या विटा पाण्यात टाकल्या आणि फुगताना त्यांचा वास आला तेव्हा मी थोडा वेळ काही बोललेच नाही. मागच्या अंगणात सोललेल्या नारळांच्या ढिगाचा तो वास. पाणी मात्र वरून शिंपडायचं नाही. केळीच्या आळ्यात घालतो तसं एका कोपऱ्यात कोमट पाणी ओतायचं, म्हणजे ते तळातून पसरतं आणि वरचा थर कोरडा राहतो. वरचा थर सतत ओला असेल तर पोटाकडचं कवच कुजायला लागतं.

हायग्रोमीटरवर आता माझा विश्वास नव्हता, तेव्हा त्याचीही परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलाइतपत ओलं करायचं, ते आणि हायग्रोमीटर घट्ट पिशवीत रात्रभर ठेवायचं. अशा ओल्या मिठावरच्या हवेत दमटपणा बरोबर 75 टक्के होतो. माझ्या तीन यंत्रांपैकी एक 74 दाखवत होतं, दुसरं 71, तिसरं 62. तिसरं फेकलं.

नोव्हेंबरच्या शेवटी गुंज पेटीत गेली. एका टोकाला 30 अंश, दुसऱ्याला 26, दमटपणा 78. तिने पूर्ण चक्कर मारली, उलट्या लाकडी खोक्याच्या गुहेत शिरली, कोकोपीट पुढच्या पायांनी उकरून त्यात निम्मी बुडाली आणि दोन दिवस तिथेच राहिली. मी हवालदिल झाले होते. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन पपई खाल्ली.

डिसेंबरात एक चूक अंगाशी आली. ऊब बघून पॅनेल चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर मी नुसता लोंबकळत सोडला होता. गुंजेने उकरताना तो ओल्या कोकोपीटमध्ये गाडला. सेन्सरला गार लागत राहिलं आणि पॅनेल रात्रभर बंदच झाली नाहीत. सकाळी उबेच्या टोकाला 37 अंश होते. ती लांबच्या कोपऱ्यात तळापर्यंत खोल गेली होती, म्हणून वाचली. त्याच दिवशी सेन्सर तिच्या पाठीच्या उंचीवर जाळीच्या पिंजऱ्यात पक्का केला आणि ओळीत दुसरा थर्मोस्टॅट जोडला. पहिला फसला तर हा 32 अंशांवर वीज तोडतो. पेटी करणाऱ्या कोणालाही मी आधी हे सांगते, बाकीचं नंतर.

खाण्याचं त्या मानाने सोपं. एंडाइव्ह आणि डँडेलियनची पानं, भोपळा, मशरूम, थोडी फळं. या जातीला इतर कासवांपेक्षा फळं जास्त चालतात आणि क्वचित उकडलेलं अंडंही. लेक स्ट्रीटवरच्या मेक्सिकन दुकानांत निवडुंगाची काटे काढलेली पानं मिळतात, ती फार आवडतात. कॅल्शियमसाठी समुद्रफेन, जो लहानपणी मुरुडच्या किनाऱ्यावर वेचायचो तोच. आणि जास्वंद. गणपतीसाठी मी कुंडीत जास्वंद वाढवते. हिवाळ्यात ती घरात असते आणि आठवड्याला एखादं फूल देते. पहिलं फूल देव्हाऱ्यात, पुढचं बेसमेंटमध्ये.

30 जानेवारी 2019 ला ध्रुवाकडची थंड हवा खाली उतरली आणि मिनियापोलिसचा पारा उणे 33 अंशांवर गेला. शाळा बंद. संध्याकाळी गॅस कंपनीने निरोप पाठवला: गॅसचा दाब टिकवायला घरातली उष्णता 17 अंशांपर्यंत खाली आणा. उत्तरेकडच्या काही गावांत घरांचा गॅस खरोखर बंद पडला होता, तिथल्या लोकांना हॉटेलांत हलवत होते. आम्ही काटा खाली केला. तिघांनी एका खोलीत गाद्या घातल्या. थर्माकोलचं खोकं, गरम पाण्याच्या पिशव्या, गाडीची किल्ली दाराशी तयार ठेवली. वीज गेली तर पेटी किती तास धरेल याचा मला अंदाज नव्हता. दोन-दोन तासांनी उठून खाली जात होते. बेसमेंट 13 अंशांवर आलं. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते. पेटीत पहाटे चारला 25 होते, दमटपणा 81. मी झाकण उघडलं नाही, नुसता पत्र्यावर हात ठेवला.

पुण्यातल्या मैत्रिणी व्हिडिओ बघतात तेव्हा हमखास विचारतात, आपल्याकडे मिळेल का, कासवाने म्हणे घरात पैसा टिकतो. त्यांना मी कळकळीने एकच सांगते: तिकडे जी चांदण्यांच्या नक्षीची कासवं लपूनछपून विकली जातात ती रानातून पकडलेली असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती घरात ठेवणं गुन्हा आहे. घेऊ नका. कोणाच्या घरी दिसलं तर वनविभागाला कळवा. कासवाच्या पाया पडायचं असेल तर जेजुरीच्या गडावर खंडोबासमोर केवढं तरी पितळी कासव आहे.

पुढच्या वर्षभरात गुंजेच्या पाठीवर चौकोनांच्या मधे नव्या वाढीच्या फिकट रेषा आल्या. नवी वाढ सपाट आहे. जुने डोंगर मात्र जाणार नाहीत. कवच वाढलं तरी आधीचा आकार बदलत नाही. बोट फिरवलं की कुठपर्यंत काचेची टाकी होती आणि कुठून पेटी सुरू झाली ते कळतं. आता ती 27 सेंटीमीटरची आहे. जून ते ऑगस्ट, रात्र ऊबदार असेल तर, मागच्या अंगणातल्या कुंपणात राहते, आणि सप्टेंबरच्या पहिल्या गार रात्री आत येते.

पेटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे मी पाणी ओतते तिथे, रबराच्या जोडातून ओल झिरपून प्लायवूड काळं पडलंय. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर अर्धा इंच आत जातो. या उन्हाळ्यात ती बाहेर असताना तळ काढून पीव्हीसीच्या फळ्या घालणार आहे. मापं घेऊन झाली आहेत.