सही नसलेली ओळ

मंगळवार, रात्री

पत्रिका छापून आल्या. वर बहिणाबाईंची ओळ आहे, खाली नाव नाही. मी विचारलं, नाव राहिलं का गं? तर धाकटी म्हणाली, "मावशी, बार्थ वाचलायस ना तू? लेखक कधीच मेला." सगळे हसले. मी मुकाट्याने हळदीच्या सामानाची यादी करायला बसले, पण ते बोलणं अजून आत कुरतडतंय.

वाचलाय ना. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थचा 'लेखकाचा मृत्यू' हा निबंध १९६७चा. अर्थाची किल्ली लेखकाच्या चरित्रात शोधू नका, मजकूर हा आधीच्या असंख्य बोलण्यांतूनच विणलेला असतो, वाचक जन्माला यायचा तर लेखकाला मरावं लागेल. एम.ए.ला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'कवीला काय म्हणायचे आहे' हा शाळेपासूनचा जाच एका दुपारीत संपला होता. ते ऋण मी विसरलेले नाही.

मग आज एवढं का लागावं?

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ला गेल्या. 'बहिणाबाईंची गाणी' आलं १९५२मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे आसोद्याची ही लेक लेखक झाली तीच मुळी मेल्यानंतर. बार्थसमोरचा लेखक देवासारखा उंच बसलेला होता, त्याला खाली ओढणं गरजेचं असेल. आमच्याकडे एका शेतकरी बाईला पुस्तकावर नाव मिळून पंधरा वर्षं होतात न होतात, तोच तिकडे लेखकाचा मृत्यू जाहीर झाला. जिच्या हाती सही कधी आलीच नाही, तिने ती सोडून कशी द्यायची?

धाकटीच्या बाजूनेही विचार करून पाहिला. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या म्हणायच्या आणि त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ टिपून घ्यायचे. घरात, शेतात म्हटलेलं कागदावर उतरताना काय काय बदललं असेल, सूर तर गेलाच. मग लेखक नक्की कोण? बार्थ तिथेच म्हणतो की जुन्या समाजांत कथा सांगणारा हा मध्यस्थ असतो, त्याच्या सादर करण्याचं कौतुक होतं, प्रतिभेचं नाही. इथे मात्र मी अडते, दर वेळी. शिकलेल्याला प्रतिभा, आणि निंदणी करणाऱ्या बाईच्या तोंडून नुसती परंपरा बोलते? नाही पटत. कितीही वेळा वाचलं तरी नाही पटत.

पण मग कानबाईची, आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी? श्रावणात रात्रभर म्हणतो. कोणी रचली, एकीचंही नाव ठाऊक नाही, आणि त्याचं मला आजवर कधी काही वाटलं नाही. रोट खाल्ले, गाणी म्हटली, सकाळी विसर्जनाला गेलो. आजी त्यात आपली एखादी ओळ घालायची, हे मोठ्या बायांना कळायचं, त्या मान डोलवायच्या. त्या ओळी कोणी... जाऊ दे.

आता लिहिता लिहिता दिसतंय की मी दिवसभर बहिणाबाईंसाठी भांडत नव्हते. त्यांचं नाव तर जळगावच्या विद्यापीठाला आहे, २०१८पासून. त्यांना माझी काय गरज?

जेवणानंतर आक्काला फोन केला. आजीच्या ओळींचं विचारलं तर म्हणाली, काही आठवतात, काही मी बदलल्या, जीभ अडायची म्हणून. खाली कोणाचं नाव घालू विचारलं, तर म्हणे, "नाव कसाले जोयजे व माय? म्हन ना गानं." आणि म्हणूनच दाखवलं, फोनवर, पुरतं. बार्थ म्हणतो ते तिच्याकडे किती सहज आहे. आजीला मारावं लागलं नाही त्यासाठी.

तिला नसेल पाहिजे नाव, मला पाहिजे. दोन्ही खरं असू दे. रविवारी वही घेऊन पारोळ्याला जाईन. आक्का म्हणेल तसं लिहीन, बदललेलंसुद्धा, आणि प्रत्येक गाण्याखाली दोघींची नावं घालीन. धाकटीलाही सोबत नेते, तिचं अक्षर चांगलं आहे.