तुम्ही विचारलंत म्हणून : मेलेला माणूस कोणत्या अटीवर परत येतो

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझ्या टेबलाशी दस्त लिहून घ्यायला आलेली माणसे माझ्या मोबाइलवरचे चित्र पाहतात आणि विचारतात, “काका, या वयात तुम्ही काड्यांच्या माणसांची गोष्ट वाचता आणि त्यातला मेलेला कोण परत येणार याचे तर्क करत बसता, ते कशासाठी?” गेली बरीच वर्षे मी बाँड रायटर म्हणून काम करतो, आणि या प्रश्नाचे माझे उत्तर माझ्या धंद्यातूनच येते.

ती गोष्ट म्हणजे रिच बर्लू यांचे ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ हे वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने निघणारी चित्रकथा. २००३ पासून चाललेल्या या कथेचे जग ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या जुन्या, ३.५ आवृत्तीच्या नियमांवर उभे आहे, आणि त्या नियमांत मरण हा शेवट नसला तरी परतीला किंमत आहे. साध्या पुनरुज्जीवनाच्या मंत्रासाठी ५,००० सुवर्णनाण्यांचा हिरा खर्ची पडतो, आणि मृताचा आत्मा मोकळा असावा लागतो व त्याची परतण्याची इच्छाही असावी लागते. कथेचा नायक रॉय लढाईत आकाशातून कोसळून मरतो आणि दोनशेहून अधिक भागांनंतर उठतो. त्याचे वडील मात्र खलनायकाचा नाश करण्याची शपथ पुरी न करताच मेले, म्हणून स्वर्गाच्या दाराबाहेर ढगावर ताटकळत बसले आहेत. वाचकांचे सारे तर्क अशा अटींभोवती फिरतात.

या तर्कांकडे मी इतक्या गांभीर्याने का पाहतो, ते सांगण्यासाठी थोडे घरचे सांगावे लागेल. माझ्या वडिलांनी भाताची दोन एकर जमीन एका सावकाराला मुदत खरेदीने लिहून दिली होती. मुदतीत पैसे परत केले तर जमीन आपली, नाही तर व्यवहार कायम, असा तो दस्त होता. दस्त कानडीत होता आणि वडील मराठी बोलणारे. सुगी आटोपल्यावर पैसे द्यायचे, असे त्यांनी मनाशी धरले होते. कागदावर सुगीचा उल्लेखच नव्हता, केवळ तारीख होती, आणि भात खळ्यावर यायच्या आधीच ती उलटून गेली. तेव्हापासून, पक्षकाराने मनात काय धरले आहे आणि कागदावर काय लिहिले आहे, हे दोन्ही मोठ्याने विचारल्याशिवाय मी कुणाचा अंगठा घेत नाही.

या कॉमिकमधला वार्सूव्हियसचा करार मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला वडीलच आठवले. वार्सूव्हियस पुरुष की स्त्री, हे लेखकाने मुद्दाम सांगितलेले नाही. मराठी क्रियापद तेवढी मोकळीक देत नाही, म्हणून मी ‘व्यक्ती’ म्हणून वेळ मारून नेतो. जादू जाणणाऱ्या या व्यक्तीची मुलेबाळे एका ड्रॅगनच्या तावडीत सापडतात, तेव्हा तीन सैतान तीन दुष्ट मृतात्म्यांची शक्ती देऊ करतात. त्यांची अट एकच असते : प्रत्येक शक्ती जितका वेळ वापराल, तितका वेळ तुमचा आत्मा आमच्या ताब्यात राहील. दुसरी वाटही तेच दाखवतात. मरण पत्करा, तुमचे शीर मित्रांकडे पोहोचवू, त्यांचा धर्मगुरू तुम्हाला उठवील आणि पुढचे मित्र पाहून घेतील. ही वाट साफ मोकळी असूनही ती व्यक्ती नाकारते, कारण तीत दुसऱ्यावर विसंबावे लागते. आत्म्याचा ताबा आपण मेल्यावरच मागतील, असे तिने गृहीत धरले होते. कागदावर तसे काहीच नव्हते, आणि तिघांपैकी एकाने आपली वसुली ती जिवंत असतानाच, ऐन मोक्याच्या वेळी केली.

परतीच्या अटी नीट घालण्याचे भान आपल्याकडे जुने आहे. याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर जी यल्लम्मा आहे, तीच रेणुका. पित्याच्या आज्ञेवरून परशुरामाने तिचे शीर उडवले आणि वर मागताना, आई जिवंत व्हावी एवढ्यावर न थांबता, या वधाची आठवण उरू नये असेही मागून घेतले. दुसरे कलम त्याने घातले नसते, तर ते घर पुन्हा घर झाले असते का, याचा मी अनेकदा विचार केला आहे. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला देवी विधवा होते आणि माघातल्या पौर्णिमेला पुन्हा सवाष्ण; आमच्याकडच्या बायका या दोन पौर्णिमांना रांडाव आणि अहेव म्हणतात. तिच्या पतीच्या, जमदग्नीच्या, परतीला आमच्या भागात तिथी आहे, मुदतही आहे.

म्हणून, आवडते पात्र परत यावे एवढ्याच इच्छेवर उभा असलेला तर्क मला पटत नाही. ड्युरकॉन या बुटक्या धर्मगुरूला भविष्यवेत्त्याने तो मायदेशी ‘मरणोत्तर’ परतेल असे एकाच शब्दात सांगितले होते. तो शवपेटीतून जाईल असे पुष्कळांनी धरले, पण तो रक्तपिपासू पिशाच्च (व्हॅम्पायर) होऊन आपल्या पायांनी गेला, आणि शब्द खरा ठरला. त्या एका शब्दाच्या सर्व अर्थांची चाचपणी करणारे वाचक मला खरे जाणकार वाटतात.

माझा स्वतःचा तर्क उरलेल्या दोन वसुल्यांचा आहे. त्या शेवटच्या लढाईतच मागितल्या जातील, असे बहुतेकांना वाटते आणि मलाही वाटते. माझी भीती त्याच्या पुढची आहे : आत्मा सैतानांच्या ताब्यात असताना वार्सूव्हियसचे शरीर मारले गेले, तर हिरा हाताशी असूनही मंत्र चालणार नाही, कारण आत्मा मोकळा नसेल. मुदत संपेपर्यंत मित्रांना शवापाशी थांबावे लागेल, आणि तेवढा वेळ लढाई देईल का, हे मी प्रत्येक नव्या भागात आधी शोधतो.