यंदा चिखल्या झाल्या नाहीत

माथेरानचे दोन दिवस धुक्यात गेले. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी गाडी बंद असते, पॉइंटवरून दरी दिसत नाही आणि कपडे वाळत नाहीत. याहून जास्त लिहिण्यासारखं तिथे काही घडलं नाही.

रविवारी खाली उतरले तर नेरळ-कळंब रस्त्यावर धबधब्यांकडे निघालेल्या गाड्यांची रांग. लोक शेताच्या बांधावर बसून पीत होते, बाटल्या तिथेच टाकत होते. बाटली फुटली की काच खाचरात जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खाचरात कुणीतरी अनवाणी उतरतं. याचा मला मनापासून संताप येतो.

इथल्या शेतकऱ्यांबरोबर काम करणारी माझी एक मैत्रीण मला एका घरी घेऊन गेली. त्या घरच्या काकूंची जमीन थोडी, गुंठ्यांत मोजावी एवढी. आजूबाजूच्या खाचरांत आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, जोरात चालली होती. बाया कमरेत वाकलेल्या, डोक्यावर इरली. कर्जत लोकलच्या खिडकीतून हे दृश्य मी कितीतरी वर्षं पाहत आले, फोटोही काढले. त्या बायांच्या पायांचा विचार मात्र कधी मनात आला नव्हता.

काकूंच्या शेतात कुणीच नव्हतं. तिथे गादीवाफ्यांवर भात सरळ ओळीत, गुडघ्याला लागेल एवढं उभं होतं. चंद्रशेखर भडसावळे यांनी नेरळच्या सगुणा बागेत विकसित केलेली ही पद्धत. नाव सगुणा राइस टेक्निक, पण सगळे एसआरटीच म्हणतात. वाफे एकदाच करायचे, माथ्यावर 100 सेंटिमीटर रुंद. लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटरवर भोकं पाडायची आणि प्रत्येकात तीन-चार दाणे टोकायचे. रोपं वाढवायला राब भाजायचा नाही, नांगरायचं नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल टाकायचा.

काकूंनी ओळींच्या मधली माती बोटाने उकरली. गेल्या वर्षीची मुळं कुजून बारीक नळ्या झाल्या होत्या, बाजूला गांडुळाची विष्ठा. "पानी हितून खाली जातं बघा," त्या म्हणाल्या. पाणी जिरतं म्हणून मातीत हवा राहते. पाणी तुंबलेल्या खाचरात हवा नसते, तिथले सूक्ष्मजीव मिथेन हा हवा तापवणारा वायू तयार करतात. मैत्रिणीने मला हे पूर्वी दोनदा समजावलं होतं. त्या नळ्या पाहिल्यावर ते खरं कळलं.

मग पावसाची गोष्ट निघाली. मिरगाला दोन दिवस पडला आणि गडप झाला. शेजाऱ्यांचं रोप राबावर तयार होतं, पण चिखलणीला पाणी नाही. वाट बघता बघता रोप जून झालं, आणि जून रोपाला फुटवे कमी येतात. काकूंचं कर्जत-3 वाणाचं भात मात्र तोवर जागेवर रुजून मुळं खाली सोडून बसलं होतं. पाऊस असा लहरी झालेला असताना पाण्याची वाट पाहत अडकून न पडणं ही किती मोठी सोय आहे, ते ज्याच्या घरातला वर्षाचा तांदूळ त्या तुकड्यावर पिकतो त्यालाच ठाऊक.

"पन तनानं पहिल्या वर्षी रडवलं," काकू म्हणाल्या. चिखलणीत तण गाडलं जातं, इथे ते जोमाने येतं. या पद्धतीत तणनाशक वापरतात. मला ते खुपतं आणि मी ते तिथेच बोलून दाखवलं. मैत्रीण चिडली नाही. म्हणाली, पहिल्या हंगामात तण पाहून कितीजणांना परत नांगर धरावासा वाटतो, त्या दिवसांत कुणी सोबत हवं. मला तेच पटलं. साचा देऊन आणि एक दिवसाचं प्रशिक्षण उरकून निघून जाणं म्हणजे मदत नव्हे. पहिल्या वर्षीच्या निंदणीची मजुरी, वाफे करण्याचा खर्च आणि जुलैत बांधावर येऊन उभं राहणारं माणूस, हे मिळालं तर लहान शेतकरी टिकेल.

चहा पिताना काकूंनी पाय पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत जुने पांढरट वण होते. "दरसाल ह्या दिवसांत पाय भुईला टेकवत नव्हते, ताई. चिखल्यांनी रात्रभर आग. यंदा नाय झाल्या." मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले, मला काही बोलता येईना. उत्पादन, खर्च, मिथेन हे सगळं मी विचारलं होतं. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

एवढ्यात पलीकडच्या खाचरातून हाक आली. काकूंचं स्वतःचं शेत मोकळं असलं तरी सावड चुकत नाही. शेजारीण यांच्याकडे निंदायला आली होती, आता यांनी तिच्या आवणीला जायचं. काकूंनी वाटीतलं खोबरेल बोटांच्या बेचक्यांत चोळलं, लुगडं वर खोचलं आणि पोटरीएवढ्या चिखलात उतरल्या.