डूम मेटलची वारी: रेडिंग ते व्हिटबी, सहा दिवसांत

वारीत देवळाइतकीच वाट महत्त्वाची असते, हे ज्यांना पटतं त्यांनीच या दौऱ्याला निघावं. डूम मेटल (संथ, जड, उदास रॉक) आणि त्यातून निघालेलं गॉथिक मेटल इंग्लंडमधल्या ज्या गावांत जन्मलं तिथं बघायला थोडंच आहे: एक पाणचक्की, एक बंद पब, कालव्यावरचा एक पूल, कापडाच्या जुन्या गिरण्या आणि शेवटी समुद्रकाठची एक स्मशानभूमी. ऐकत गेलं तर हेच सहा दिवस पुरत नाहीत. क्रम असा: लंडनहून रेडिंग, मग बर्मिंगहॅम, तिथून लीड्स (ड्यूसबरी, हॅलिफॅक्स आणि ब्रॅडफर्ड इथूनच करायचं), शेवटी व्हिटबी.

आधी तारखा ठरवा, कारण घोळ तिथंच होतो. व्हिटबीचा गॉथ वीकेंड (गॉथ संगीत आणि पेहरावाच्या चाहत्यांचा मेळा) १९९४ साली सुरू झाला. तो वसंतात एकदा आणि शरदात एकदा भरतो. शरदातला धरला की त्याच सुमारास मँचेस्टरला डॅम्नेशन हा मेटलचा फेस्टिव्हलही साधता येतो, शिवाय चार-साडेचारला अंधार पडतो, म्हणजे वातावरण फुकटात. पण रेडिंगजवळची पाणचक्की तोवर हंगाम संपून बंद झालेली असते. चक्की हवी असेल तर एप्रिलअखेर निघा. संध्याकाळी साडेआठपर्यंत लख्ख उजेड असतो, तेवढं सोसायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना एप्रिलच सुचवू. फेस्टिव्हल काय, पुढच्या वर्षीही असतो.

गाणी फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. यॉर्कशरच्या दऱ्यांमधून गाडी जाते तेव्हा रेंज टिकत नाही. फोनच्या स्पीकरवर तर डूम ऐकूच नका. खाली बी सुरापर्यंत उतरवलेल्या बास गिटारच्या जाड तारेचा मूळ सूर साधारण ३१ हर्ट्झचा असतो आणि फोनचा स्पीकर दोन-अडीचशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुकाच. म्हणजे आपण भिंत सोडून नुसता रंग ऐकत असतो. कानात घट्ट बसणारे साधे इअरफोन चालतील. रबरी टोक मात्र मापाचं हवं, कारण फट राहिली की आधी बास गळतो.

मेपलडरम हे पहिलं ठिकाण. डूमची सुरुवात ज्यांच्यापासून झाली त्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ बँडच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर काळ्या झग्यातल्या बाईमागं दिसते ती ही पाणचक्की, थेम्सच्या काठी. पॅडिंग्टनहून रेडिंग वेगवान गाडीनं अर्ध्या तासाच्या आत येतं. पुढं टॅक्सी, आणि परतीची टॅक्सी उतरायच्या आधीच ठरवून घ्यायची. गाव एवढंसं आहे, बाहेर उभं राहून टॅक्सी मिळत नाही. चक्की हंगामातच आणि ठरावीक दिवशीच उघडी असते, तेव्हा त्यांचं वेळापत्रक पाहूनच रेल्वेचं तिकीट काढा.

इथं बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण सगळं हिरवंगार दिसतं. मुखपृष्ठावरची ती आजारी गुलाबी-करडी झाडं या जागेची नाहीतच, ती फिल्मची करामत आहे. छायाचित्रकार कीथ मॅकमिलन यांनी इन्फ्रारेड फिल्म वापरली होती. हिरवं पान इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परतवतं आणि ही फिल्म तो भलत्याच रंगात नोंदवते. म्हणून फोनवर फिल्टर लावून तोच फोटो मिळवायचा खटाटोप नको. चक्कीच्या पात्यांचा आवाज ऐका. ती आजही पीठ दळते.

रेडिंगहून लंडनला परतल्यावर बर्मिंगहॅमला दोन वाटा आहेत. यूस्टनहून गाडी न्यू स्ट्रीटला येते, मेरिलबोनहून मूर स्ट्रीटला. पुढचा प्रवास न्यू स्ट्रीटवरून आहे, पण दोन्ही स्टेशनं चालत पाच-सात मिनिटांवर आहेत, तेव्हा स्वस्त मिळेल ते तिकीट घ्या. न्यू स्ट्रीटच्या मोठ्या दालनात यांत्रिक बैल उभा आहे. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी केलेल्या या बैलाचं नाव लोकांनी मत देऊन ठेवलं: ऑझी, ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑसबोर्नवरून.

स्टेशनच्या मागच्या बाजूला, स्टेशन स्ट्रीट आणि हिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ‘द क्राउन’ पब आहे. १९६८मध्ये याच्या माडीवर जिम सिम्पसन यांचा ब्लूज क्लब चाले आणि तिथं ब्लॅक सॅबथची पोरं वाजवायची. पब २०१४मध्ये बंद झाला. बाहेर उभं राहायचं, दोन मिनिटं, बस्स. तिथून ब्रॉड स्ट्रीटवरचा ब्लॅक सॅबथ ब्रिज चालत वीस मिनिटांवर आहे. ट्रामनं गेलात तर ब्रिंडलीप्लेसला उतरा. कालव्यावरच्या या पुलाला २०१९मध्ये बँडचं नाव दिलं आणि चौघांचे चेहरे असलेलं बाकही बसवलं. ५ जुलै २०२५ला व्हिला पार्क मैदानावर बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला, २२ जुलैला ऑझी गेला आणि त्याची अंत्ययात्रा याच पुलावर थांबली. तेव्हापासून इथं फुलं दिसली तर नवल नाही. फुलं वाहायची तर प्लास्टिक काढून वाहा.

ॲस्टन न्यू स्ट्रीटहून लोकलनं दहा मिनिटांच्या आत येतं. चौघंही याच भागातले. ऑझीचं बालपणीचं घर शोधत लोक जातात, पण तिथं माणसं राहतात. दारासमोर घोळका करायचा नाही, खिडकीत डोकवायचं नाही. त्यापेक्षा रस्त्यारस्त्यानं फिरत पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं लावा. १३ फेब्रुवारी १९७०ला, शुक्रवारी, हा अल्बम आला. डूमचा अख्खा संसार त्या गाण्यातल्या तीन सुरांवर उभा आहे: सा, वरचा सा आणि तिथून खाली तीव्र मध्यम. हाच तीव्र मध्यम आपल्या यमनात संध्याकाळ गोड करतो, कारण त्याला गंधार-पंचमाची सोबत असते. इथं ती काढून घेतलीय. नुसता सा, नुसता तीव्र म, मध्ये रिकामी जागा, आणि लय इतकी संथ की पुढचा सूर येईस्तोवर पोटात खड्डा पडतो.

या आवाजाच्या जडपणाचं कारणही याच शहरात आहे. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. भांडी घासायच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि गिटारला बारीक तारा लावल्या. पुढं १९७१च्या अल्बमात काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तार सैल झाली की दाबायला सोपी आणि ऐकायला जड. पुढच्या पन्नास वर्षांत जगभरच्या डूमवाल्यांनी गिटार जी खाली खाली नेली, तिची सुरुवात एका अपघातात आहे.

बर्मिंगहॅम ते लीड्स थेट गाडी दोन तासांची. ‘ॲडव्हान्स’ तिकीट स्वस्त, पण त्याच गाडीपुरतं. ती चुकली की पैसे बुडाले. दोघं मिळून फिरणार असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढा, एक तृतीयांश भाडं वाचतं. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही आणि दोघांनी सोबतच प्रवास करायचा. मुक्काम लीड्सला स्टेशनजवळ करा. ब्रॅडफर्ड वीसेक मिनिटांवर, ड्यूसबरी त्याहून जवळ, हॅलिफॅक्स चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर.

ड्यूसबरीला सहसा कुणी जात नाही. जा. १९८७मध्ये पीसव्हिल ही रेकॉर्ड कंपनी याच गावात पंक वर्तुळातून निघाली आणि हॅलिफॅक्सचा पॅराडाइज लॉस्ट, ब्रॅडफर्डचा माय डाइंग ब्राइड, लिव्हरपूलचा ॲनाथेमा हे तिन्ही बँड तिच्याकडं आले. पॅराडाइज लॉस्टचा १९९१चा ‘गॉथिक’ इथल्याच अकॅडमी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. त्यात डेथ मेटलचा घोगरा गळा, डूमची लय, मागं बाईचा स्वच्छ आवाज आणि वाद्यवृंद एकत्र आले. पुढं या प्रकाराला अल्बमचंच नाव पडलं. स्टुडिओची पाटी शोधत हिंडू नका. गावाचा जुना धंदा समजून घ्या, तो जास्त सांगून जातो. ड्यूसबरी आणि शेजारचं बॅटली ‘शॉडी’ची गावं: लोकरीच्या चिंध्या आणायच्या, यंत्रात पिंजायच्या, थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढायचं. १८१३च्या सुमारास हे तंत्र बॅटलीत निघालं. आज हाच धंदा आपल्या पानिपतात चालतो. ‘गॉथिक’ ऐकताना हे डोक्यात ठेवा. सॅबथ, स्वीडनचा कँडलमास, लीड्सचा सिस्टर्स ऑफ मर्सी, सगळं पिंजून नवं कापड विणलंय आणि ते ऊबदार आहे.

या मार्गावर शनिवार-रविवारी गाडीऐवजी बस मिळण्याची शक्यता मोठी, कारण मार्गाच्या नूतनीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललंय. ड्यूसबरी आठवड्याच्या मधल्या दिवशी उरका.

हॅलिफॅक्सला जाताना लीड्सहून सुटलेली गाडी ब्रॅडफर्ड इंटरचेंजला थांबते आणि उलट्या दिशेनं निघते. गाडी चुकली असं वाटून लोक धडपडत उतरतात. बसून राहा, ते टर्मिनस आहे. हॅलिफॅक्स स्टेशनपासून पाच मिनिटांवर १७७९चा पीस हॉल आहे: मधे प्रचंड अंगण, भोवती ३१५ खोल्या, जिथं विणकर कापडाचे तागे विकायला आणत. प्रवेश फुकट.

ब्रॅडफर्डलाही दोन स्टेशनं, इंटरचेंज आणि फॉर्स्टर स्क्वेअर. तिकिटावर कुठलं आहे ते पाहा, कारण लीड्सहून दोन्हीकडं गाड्या आहेत आणि परतताना घाईत माणूस भलत्याच फलाटावर उभा राहतो. शहराच्या चढावर अंडरक्लिफ स्मशानभूमी आहे, १८५४ची. लोकरीच्या धंद्यातल्या धनवंतांनी मेल्यावरही एकमेकांवर कडी केलीय; एका कुटुंबानं तर स्फिंक्स बसवून इजिप्शियन समाधी बांधलीय. फॉर्स्टर स्क्वेअरहून अर्ध्या तासाचा दमवणारा चढ आहे. वर पोचल्यावर माय डाइंग ब्राइडचा १९९३चा अल्बम लावा. व्हायोलिन सुरू होतं तेव्हा खाली गिरण्यांची धुरांडी दिसतात.

संध्याकाळी जिथं कार्यक्रम असेल तिथं कानात बोळे घालाच. फोमचे स्वस्त बोळे उंच सूर जास्त खातात आणि खालचे कमी, त्यामुळं सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले घ्या. मागच्या भिंतीला टेकून उभं राहू नका: ३१ हर्ट्झची लाट अकरा मीटर लांब असते, भिंतीशी आणि कोपऱ्यात बास साचतो आणि गिटार बुडते. ध्वनिमिश्रकाच्या टेबलापुढची जागा सर्वांत खरी. कार्यक्रम अकराच्या आसपास संपतो. लीड्सची शेवटची गाडी आत जायच्या आधीच पाहून ठेवा.

कार्यक्रमात अल्बम विकतात त्या टेबलावर बोलणं आपोआप निघतं. सोबत इकडचं काही न्या, मुंबईच्या डर्ज किंवा बंगळुरूच्या बेवर सी या बँडची सीडी. दुसरं नाव जोरात म्हणून पाहा, कन्नडमधला ‘बेवर्सी’ आणि आपला ‘बेवारशी’ जवळचे नातेवाईक. ही देवाणघेवाण जुनीच आहे. नव्वदीच्या आधी डेमो कॅसेटी टपालानं फिरत, तेव्हा तिकिटांवर साबण किंवा गोंद फासायची युक्ती होती. शिक्का धुऊन तीच तिकिटं पुन्हा वापरायची. पत्रात तळटीप असे: तिकिटं परत पाठव.

जुन्या तबकड्या घेणार असाल तर सॅबथच्या पहिल्या अल्बमची मूळ आवृत्ती ‘व्हीओ ६’ क्रमांकाची आणि व्हर्टिगो या कंपनीच्या काळ्या-पांढऱ्या भोवऱ्याचं लेबल असलेली. हे लेबल १९७३पर्यंतच होतं. दर्जाच्या चिठ्ठीवर ‘व्हीजी’ लिहिलं असेल तर ‘खूप चांगली’ असा अर्थ घेऊ नका, ओरखडे ऐकू येणार. आणि सुरुवात ऐकून तर मुळीच पसंत करू नका: पहिलं गाणं पावसाच्या आवाजानं सुरू होतं, त्यात तबकडीची करकर बेमालूम लपते. दुसरी बाजू लावायला सांगा. विमानात नेताना तबकडी आतल्या कागदी पाकिटासकट बाहेर काढून कव्हरच्या मागं ठेवा. आतच राहिली तर हादऱ्यांनी तिची कड कव्हरची शिवण फाडते.

व्हिटबीला लीड्सहून ८४० क्रमांकाची बस जाते, यॉर्कमार्गे, तीन तासांहून जास्त. रेल्वेनं जायचं तर मिडल्सबरोहून, पण त्या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या. वीकेंडच्या खोल्या महिनोन्‌महिने आधी संपतात. न मिळाल्यास स्कारबरोला राहा. १९९ पायऱ्या चढून सेंट मेरी चर्चची स्मशानभूमी येते, मागं मठाचे भग्न कमानी अवशेष. झगा घालून थडग्यावर बसून फोटो काढायचा नाही. गावकऱ्यांचे पूर्वज आहेत ते.

इथली खरेदी म्हणजे जेट, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या लाकडाचा झालेला काळा दगड. १८६१मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियानं सुतकात हेच दागिने घातले आणि गावाचा धंदा फुलला. ‘फ्रेंच जेट’ म्हणून विकतात ती निव्वळ काळी काच. ओळख सोपी: काच हाताला गार आणि जड लागते, जेट कोमट आणि हलकं. शंका राहिलीच तर दुकानदाराला चकाकी नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर मागची कड घासून दाखवायला सांगा. खऱ्या जेटची रेघ तपकिरी उमटते. घासून दाखवायला जो तयार होत नाही, त्याच्याकडं घेऊ नका.