लिंबूटिंबूचा आकडा

लहानपणी गल्लीत डाव रंगला की धाकट्या भावाला आम्ही लिंबूटिंबू ठरवायचो. बाद झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. वयाच्या ४७व्या वर्षी मी स्वतः लिंबूटिंबू व्हायला चार वेळा खंबाटकीचा बोगदा ओलांडून साताऱ्याहून पुण्याला गेलो. फरक एवढाच, की गोल्फमध्ये लिंबूटिंबू किती, ते दशांशात काढतात.

एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. पुण्याचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणाले, "या एकदा खेळायला. पण हँडिकॅप काढून या." मला वाटलं, लायसन्ससारखा एखादा कागद असेल. निघाली ती कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. शिवाय मी खाशाबांच्या जिल्ह्यातला. कुस्तीत वजनगट असतो, पण समोरच्याला आधीच गुण देऊन कोणी जोड लावत नाही. सवलत मागायची म्हणजे लाजच वाटली.

आधी क्लबचं सदस्यत्व घ्यावं लागतं (त्याचा आकडा बायकोने वाचू नये म्हणून इथे लिहीत नाही). मग ५४ होलचे स्कोअर द्यायचे (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा तो खड्डा), म्हणजे १८ होलच्या तीन फेऱ्या. प्रत्येक कार्डावर सोबत्याची सही. पहिल्या फेरीला ती घ्यायचीच राहिली आणि कार्ड बाद. चूक माझीच.

दुसऱ्या खेपेला एका पार चारच्या, म्हणजे चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत संपवायच्या, होलवर मला १३ फटके लागले. बाजूच्या झाडीतच चार गेले. माझी पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला, "साहेब, नऊच लिहा." मला वाटलं, पोरगा मन राखतोय. पण नियमच तसा आहे: हँडिकॅप मिळेपर्यंत एका होलला पार अधिक ५, त्यावर मोजत नाहीत. एका भिकार होलने अख्खा हिशेब बिघडू नये म्हणून.

तीन कार्डं जमली: ११२, १०८, ११५. पण नुसते फटके कामाचे नाहीत, कारण सगळी मैदानं सारखी नसतात. या मैदानाचं कोर्स रेटिंग ७०.२, म्हणजे अगदी तरबेज खेळाडूला साधारण एवढे फटके लागावेत. स्लोप १२४, म्हणजे आमच्यासारख्यांना ते त्याच्यापेक्षा किती जास्त छळेल. सर्वसाधारण स्लोप ११३ धरतात. १०८ मधून ७०.२ वजा, गुणिले ११३, भागिले १२४. उत्तर ३४.४. बाकी दोन ३८.१ आणि ४०.८.

मी सरासरी काढून बसलो होतो. पण तीन कार्डं असतील तर त्यातलं सगळ्यात चांगलं एकच धरतात आणि त्यातूनही २ वजा करतात. हाच माझा हँडिकॅप इंडेक्स: ३२.४. पुढे २० कार्डं झाली की त्यातल्या उत्तम ८ची सरासरी. म्हणजे हा आकडा तुम्ही रोज कसे खेळता ते सांगत नाही, चांगल्या दिवशी कुठवर जाता ते सांगतो. माझी लाज इथेच गेली. हातचं राखून खेळणाऱ्यांवरही नजर असते: एखादा स्कोअर इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्तने चांगला पडला, तर इंडेक्स आणखी खाली ओढतात. २०२० पासून जगभर हीच पद्धत आहे. त्याआधी सहा वेगवेगळ्या होत्या.

त्या गिऱ्हाईक सरांशी मॅचच्या दिवशी इंडेक्सचं पुन्हा त्या मैदानापुरतं रूपांतर केलं: ३२.४ गुणिले १२४ भागिले ११३, अधिक रेटिंग आणि पार ७१ मधला फरक. आले ३५. त्यांचे १२. मला २३ फटके सवलत. प्रत्येक होलला एक आणि सगळ्यात अवघड पाच होलना आणखी एकेक. कोणते अवघड, तो क्रम कार्डावर छापलेला असतो. अवघडपणात पहिल्या क्रमांकाच्या होलला माझे सात, त्यांचे सहा. दोन वजा जाऊन माझे पाच, होल माझा! सर हसले, पण जरा उशिराच.

जास्त होल जिंकेल तो विजयी, आणि सोळाव्या होलवरच मी हरलो. तरी उरलेले दोन खेळलो, कारण त्या दिवशीचं कार्डही द्यायचं होतं. एकूण ११०, चारही कार्डांतला माझा दुसरा उत्तम खेळ धरा. दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर इंडेक्स ३३.४. पेपर बरा जाऊनही नंबर मागे! कॅडीला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, चार कार्डांना दोनऐवजी एकच वजा करतात. पाचव्याला तेही नाही."

म्हणजे पुढच्या रविवारी १०८च्या खाली आलो नाही, तर ३४.४. सध्या सोयाबीन निघालेल्या वावरात रोज सकाळी चेंडू मारतोय, आणि शेजारचे आबा बांधावर बसून मोजतायत.