खिडकीला लावलेलं फॉइल

मी अकोल्याची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे रडगाणं गाणार आहे त्यावर हसलात तरी चालेल. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून स्कूटीवर कॉलेजला गेलेली बाई मी, आणि गेल्या आठवड्यात जर्मनीतल्या ३४ डिग्रीत फ्रीजचं दार उघडून त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले होते. आईला व्हिडिओ कॉलवर हे दिसलं. "काहून गं, तब्येत बरी नाही का?" म्हटलं गरम होतंय. "किती?" म्हटलं चौतीस. त्यावर आई जी हसायला लागली, ती बाबांना बोलावून परत हसली.

आता तुम्हाला वाटेल ही तिकडे जाऊन नाजूक झाली. थोडी झाली असेन, पण खरी गोम घरात आहे. आम्ही राहतो फ्रायबुर्गला, जर्मनीच्या अगदी नैऋत्य कोपऱ्यात, एका बाजूला ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर आणि दुसरीकडे अर्ध्या तासावर फ्रान्स. जर्मनीतलं हे त्यातल्या त्यात उबदार शहर, म्हणून लोक आमचा हेवा करतात. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराच्या खाली, त्या छपरातच खिडक्या. इथली घरं बांधलेलीच आहेत ऊब आत धरून ठेवायला, जाड भिंती, दुहेरी काचा, फटीला रबर, हिवाळ्यात याच घराचं आपण कौतुक करतो. पण एकदा का उष्णता आत शिरली की ती पण पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते. पंखा नाही छताला, कूलर म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही, एसी लावायचा तर बाहेरच्या युनिटसाठी घरमालकाची परवानगी. टेबलफॅन घ्यायला सोमवारी दुकानात गेले तर शेल्फ रिकामं, फक्त खाली किमतीचं लेबल राहिलेलं. विकणारा मुलगा म्हणाला, तीस डिग्रीचा अंदाज आला त्या दिवशी दुपारीच संपले.

आणि मी चूक काय केली, तर अकोल्यात संध्याकाळी करतो तसं इथे भरदुपारी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, वारा येईल म्हणून. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, सकाळी साडेसहाला जिना झाडणाऱ्या. त्या वर आल्या. दारातच म्हणाल्या, तुम्ही बाहेरची गरमी आत का बोलावताय? मग त्यांनी मला रीतसर शिकवलं. सकाळी पाच ते आठ सगळ्या खिडक्या उघड्या, आरपार हवा खेळली पाहिजे, आठ वाजले की बंद, रोलाडन खाली. रोलाडन म्हणजे खिडकीच्या बाहेरून खाली येणारं शटर, आपल्या किराणा दुकानाच्या शटरचं धाकटं भावंडच, भिंतीतला पट्टा सोडला की खडखड करत खाली येतं. मग दिवसभर घरात अंधार. रात्री दहाला परत सगळं उघडायचं. दुपारी रस्त्यावरून चाललात तर सगळी घरं डोळे मिटून बसल्यासारखी दिसतात, मला पहिल्या वर्षी वाटलं होतं सगळे सुट्टीवर गेलेत.

पण छपरातल्या खिडक्यांना आमच्याकडे रोलाडन नाही. त्यावरही आजींकडे उपाय होता. इथे प्रत्येक गाडीत प्रथमोपचाराची पेटी ठेवावीच लागते, कायदाच आहे, आणि त्या पेटीत एक घडी घातलेलं फॉइल असतं, एका बाजूने चंदेरी, एका बाजूने सोनेरी, अपघातातल्या माणसाला गुंडाळायला. ते काढा म्हणाल्या, चंदेरी बाजू बाहेर ठेवून खिडकीत अडकवा. आता गाडीतलं कसं काढणार, तपासलं कुणी तर? म्हणून केमिस्टकडून वेगळं आणलं, अगदीच स्वस्त मिळतं. लावलं, आणि बेडरूममध्ये सगळीकडे सोनेरी उजेड, लग्नाच्या हॉलमध्ये असल्यासारखा. वाऱ्याने रात्रभर चुरचुर आवाज. पण खोली खरंच गार राहिली हो, म्हणजे गार नाही, पण स्टूल फ्रीजसमोरून उचललं. आमच्या आजीने वाळ्याच्या ताट्या लावून, त्यावर दर तासाला पाणी मारून जे केलं असतं तेच ह्या बाईंनी फॉइलने केलं.

बुधवारी मुलाच्या शाळेतून मेसेज आला, हित्सेफ्राय. म्हणजे उन्हाची सुट्टी. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, सकाळी अकराला सावलीत २५ डिग्री असेल तर मुख्याध्यापक शाळा लवकर सोडू शकतात. पंचवीस! आमच्या अकोल्यात २५ ला स्वेटर काढतात, म्हणजे पेटीतून बाहेर काढतात. पण मुलगा मात्र एवढा खुश की दप्तर फेकून थेट होडी मागायला लागला.

होडीचं सांगते. फ्रायबुर्गच्या जुन्या गावात रस्त्याच्या कडेने दगडी पन्हळीतून पाणी वाहतं, त्याला बेश्ले म्हणतात, मध्ययुगापासून आहेत, पाणी द्रायझाम नदीचं. गटार समजू नका, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड दिसतात. मुलांसाठी लाकडी छोट्या होड्या मिळतात, त्यांना दोरी, ती दोरी धरून पोरं होडी ओढत गावभर फिरतात. मोठी माणसं कडेला बसून, बूट काढून पाय सोडून आइस्क्रीम खातात, सूट घातलेला बँकवाला पण पँट दुमडून बसलेला पाहिला मी. असं म्हणतात की चुकून ज्याचा पाय बेश्लेत पडला त्याचं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होतं. आमच्या ह्यांचा पाय गुरुवारी मोबाईल बघताना घोट्यापर्यंत गेला, ऑफिसचे बूट, चपक्क आवाज. मी म्हटलं जागा भरलेली आहे, उगीच आशा नको.

आइस्क्रीमवरून आठवलं. इथे स्पागेटी-आइस नावाचा प्रकार मिळतो, १९६९ मध्ये मानहाइमला डारिओ फोंटानेला नावाच्या आइस्क्रीमवाल्याने शोधला. व्हॅनिला आइस्क्रीम प्रेसमधून दाबून शेवया पाडायच्या, खाली क्रीम, वर स्ट्रॉबेरीचा सॉस आणि पांढऱ्या चॉकलेटचा चुरा, चीजसारखा. काउंटरच्या मागे बघत होते तर तो पोरगा काय वापरतोय, शेवेचा सोऱ्याच की! दांडे तेवढे लांब. तेव्हाच डोक्यात किडा आला की ऊन एवढं आहे, साडेनऊपर्यंत उजेड, मग साबुदाण्याच्या पापड्या का नाही घालायच्या.

घातल्या. शुक्रवारी सकाळी बाल्कनीत जुना प्लास्टिकचा टेबलक्लॉथ अंथरला, रात्रीच शिजवून ठेवलेला साबुदाणा, जिरं, मीठ, चमच्याने एकेक गोल टाकत गेले. चाळीसेक झाल्या असतील. चारही कोपऱ्यांवर कुंड्या, इथे कावळे नाहीत फार पण कबुतरं आहेत. दुपारी मुलाला राखणीला बसवलं, जसं आम्हाला बसवायचे गच्चीवर, आणि तोही तसाच दर पाच मिनिटांनी अर्धी ओली पापडी सोलून तोंडात टाकत होता, अगदी आमच्यासारखाच, कुणी शिकवलं कोण जाणे. संध्याकाळी सहाला कडा उचलल्या. खालच्या आजी बाल्कनीतून मान वर करून म्हणाल्या, काय वाळत घातलंय, मासे का? दुसऱ्या दिवशी तळून चार दिल्या तर म्हणाल्या हे आम्हाला माहितेय, क्रुपुक ना, चिनी हॉटेलात मिळतं ते. म्हटलं हो तसंच. कुठे एवढं समजावत बसू.

दिवसा कितीही तापलं तरी फ्रायबुर्गला संध्याकाळी एक गंमत असते. सूर्य बुडला की डोंगरातून गार वारा उतरतो, द्रायझामच्या खोऱ्यातून गावात शिरतो. त्याचं नाव ह्योलेनटेलर, कारण तो येतो ह्योलेनटाल मधून, आणि ह्योलेनटाल म्हणजे शब्दशः नरकाची दरी. म्हणजे आम्हाला गार वारा नरकातून येतो, कारभार उलटा आहे. पण इथली माणसं याबाबतीत हुशार, नवीन इमारती बांधताना या वाऱ्याची वाट अडू नये याचाही विचार करतात. साडेनऊ-दहाला अंगावर पहिली झुळूक आली की अख्खं गाव बाहेर. नदीच्या काठावर पाय पाण्यात, बियरच्या बाटल्यापण पाण्यात, दगडांमध्ये अडकवून ठेवलेल्या. रिकाम्या बाटल्या कुणी फेकत नाही, दुकानात परत दिल्या की काचेच्या बियरच्या बाटलीचे ८ सेंट आणि प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीचे २५ सेंट मिळतात, त्यामुळे गोळा करणारे पण फिरत असतात, आणि लोक त्यांच्यासाठी कचऱ्याच्या डब्याशेजारी नीट उभ्या करून ठेवतात.

आउगुस्टिनरप्लाट्स नावाचा उतरता चौक आहे, तिथल्या पायऱ्यांवर पोरं-पोरी गिटार घेऊन बसतात, आणि वर राहणारे लोक झोपेसाठी वैतागतात, जुनं भांडण आहे. शेवटी गावाने तिथे एक दिव्याचा खांब उभा केला, नाव काय तर सहिष्णुतेचा खांब, रात्र चढते तसा हिरव्याचा लाल होतो, म्हणजे आता आवाज कमी करा. शुक्रवारी आम्ही बसलो होतो, खांब लालबुंद झाला आणि त्याच क्षणी शेजारच्या टोळक्याने नवीन गाणं सुरू केलं. मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

शनिवारी एकटीने लोरेट्टोबाडला गेले. १८४१ सालचा उघडा तलाव, आणि त्यात एक भाग फक्त बायकांचा. मुलगा बापाच्या गळ्यात टाकला, तो त्याला ओपफिंगेनच्या तळ्यावर घेऊन गेला. झाडाखाली चटई टाकली, आजूबाजूला सत्तरीच्या बायका पत्ते खेळतायत, कुणी लोकरीचं विणतंय (३३ डिग्रीत लोकर!), कुणी नुसतीच उताणी, पोट-बिट कशाचीही फिकीर नाही. मी अकोल्यातून आणलेला गुडघ्यापर्यंतचा स्विमसूट घालून गेलेली, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एकीने मला चेरी दिल्या, जवळच्या कायझरश्टूलच्या, काळ्या-लाल, आणि बिया लांब कोण फेकतं याची स्पर्धा लावली. मी हरले, वयाने माझ्या दुप्पट होती ती.

परत येताना पश्चिमेला, फ्रान्सच्या डोंगरांवर, काळं झालेलं. आजी अंगणात कपडे काढत होत्या, म्हणाल्या २७ जूनला जसं हवामान तसं पुढे सात आठवडे, आमच्या म्हाताऱ्यांचा नियम आहे. मी त्यांना सांगितलं आमच्याकडे नक्षत्राचं वाहन असतं, बेडूक असेल तर पाऊस बरा. बेडूक कुणाला घेऊन जातो? त्यांनी विचारलं. जर्मनमध्ये मृग नक्षत्र समजावता समजावता पहिला टपोरा थेंब पडला, मग एकदम दणादण, वाऱ्याने फॉइलची एक बाजू सुटली आणि फडाफडा वाजायला लागली. मी पापड्या उचलायला वर पळाले, त्या तर आधीच बरणीत होत्या, विसरलेच होते.

आईला फोन केला. "आमच्याकडं अजून टिपूस नाही" म्हणाली, जरा रागातच, जसं काही मीच पळवला.

सोमवारी सकाळी १७ डिग्री. आजी जिन्यात भेटल्या, अंगात जॅकेट, गळ्यात स्कार्फ. "असा होता यंदाचा उन्हाळा," म्हणाल्या. मी फॉइल मात्र अजून काढलेलं नाही.